आधी दुसरी सीडी

बाय गेल्याचा फोन आला तेव्हा मी कुडाळात, स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका सीडी लायब्ररीत उभा होतो. बाय म्हणजे माझी थोरली बहीण. शाळेच्या दाखल्यावर तिचं नाव शशिकला होतं, पण आमच्या घरात आणि मालवणातल्या आमच्या वाडीत त्या नावाने तिला कुणी हाक मारलेली मला आठवत नाही. आदल्या दिवशी रविवार होता, मी तिच्या खाटेपाशी बसलो होतो. निघताना तिने हाताने जवळ बोलावलं आणि अगदी हळू म्हणाली, "अव्या, परत येताना ती हसणाऱ्यांची सीडी घेवन ये." म्हणून सोमवारी ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत मी लायब्ररी गाठली. फळीवरून ती सीडी काढली आणि खिशातला मोबाईल वाजला. माझी बायको माधवी महिनाभर बायच्या सोबतीला मालवणात राहिली होती. ती फक्त "अहो…" म्हणाली. मी "बरं" म्हणालो. कुणी पाव संपल्याचं सांगावं आणि आपण बरं म्हणावं, तसं. लायब्ररीवाल्याने विचारलं, "हीच देव मां?" मी मान हलवली, त्याच्या वहीत सही केली, सीडी पिशवीत टाकली आणि कसालवरून जाणारी मालवणची एसटी पकडली. बघणारी गेली होती हे मला पुरतं कळलं होतं. तरी सीडी घेतली.

याला आता पाच आठवडे झाले. या पाच आठवड्यांत मी बायबद्दल इतकं गोड ऐकलं आहे की आता ते ऐकवत नाही. "सुटली बिचारी." "शेवटपर्यंत कुणाला त्रास दिला नाही हो." "सदा हसतमुख!" बाराव्याला माझा मधला भाऊ दिनू, जो मुंबईहून चार दिवसांची रजा काढून आला होता, पाहुण्यांना सांगत होता, "तसा बायचा आयुष्य सुखातच गेला. मशीन आणि टीव्ही, आणखी काय व्हया होता तिका?" पाहुण्यांनी माना डोलावल्या. मी तिथेच पत्रावळीवर भात वाढत राहिलो. मी कधीच वेळेवर काही बोललो नाही, आणि ज्या एका वेळेला बोललो… ते सांगायलाच हा लेख लिहायला बसलो आहे. पण आधी एवढं सांगतो की बाय सुखात होती हे खोटं आहे आणि ती सदा हसतमुख होती हे तर साफ खोटं आहे. हसण्याच्या बाबतीत तिची मतं फार कडक होती.

अठ्ठ्याण्णव साली आमच्या घरी रंगीत टीव्ही आला आणि त्याच वर्षी आमचे बाबा गेले. बाबा रापणीवर जायचे, किनाऱ्यावरून जाळं ओढून ओढून त्यांची पाठ गेली आणि शेवटची सहा वर्षं ते अंथरुणात होते. ती सहा वर्षं बायची. आई त्याच्याही आधी गेलेली. दिनूला मुंबईत नोकरी लागली, मला कुडाळात लागली, आमची लग्नं झाली. बायला स्थळं यायची थांबली होती, की आम्हीच बघायची थांबवली होती, हे आता कोण सांगणार? ती ब्लाऊज शिवायची. अख्ख्या वाडीचे, शिवाय बाजारातल्या दोन दुकानांचे. तिची पायमशीन वर्षानुवर्षं खिडकीकडे तोंड करून होती, उजेड बरा म्हणून. टीव्ही आला त्या आठवड्यात बायने एकटीने ती मशीन सरकवून, फिरवून टीव्हीच्या समोर आणली. उजेड पाठीमागून यायला लागला, सुईत दोरा ओवताना तिला डोळे बारीक करावे लागायचे, पण मशीन पुन्हा फिरवली नाही. आयुष्यात तिने फक्त स्वतःसाठी म्हणून केलेला एवढाच बदल मला आठवतो.

पुढे सीडी प्लेअर आला आणि मग आमचा रविवार ठरून गेला. मी सकाळच्या एसटीने यायचो, पिशवीत दोन-तीन सिनेमे. जेवून झालं की मी खाली चटईवर, बाय मशीनवर. खुनाचे जुने सिनेमे तिला सगळ्यात आवडत, हिंदी असोत नाहीतर परदेशी, काळे-पांढरे असले तर आणखीच. ती बघता बघता शिवायची, किंवा शिवता शिवता बघायची, आणि सिनेमा कसा आहे हे तिला विचारावं लागत नसे. मशीन एकसारखी चालत राहिली तर सिनेमा टाकाऊ. मधूनच मंद झाली तर बरा. आणि मशीन थांबली, पाय पट्टीवर तसेच राहिले, सुई कापडात रुतलेली, तर तो सिनेमा खरा. सगळ्या वर्षांत मशीन पूर्ण थांबलेली मी सात-आठ वेळा पाहिली असेन. एकदा तर लाईट गेली, पडदा काळा झाला, तरी बाय तशीच त्याच्याकडे बघत बसली होती. मग म्हणाली, "आता लाईट येयना तो बरा. शेवट ते बिघडयतले." आणि पायमशीनला लाईट लागत नसल्यामुळे ती शिवायला लागली आणि शिवता शिवता तिने मला स्वतःच्या मनातला शेवट सांगितला. तो खरंच बरा होता. चार वाजता लाईट आली तेव्हा त्यांनी शेवट बिघडवलेलाच निघाला.

इंग्रजी तिला येत नव्हतं आणि मी मधे मधे अर्थ सांगायला लागलो तर ती वैतागायची. "गप रव रे! माका त्येचो चेहरो बघूदे." पण खरं म्हणजे ती चेहऱ्यापेक्षा कपडे बघायची. एकदा अर्ध्या तासातच एका भल्या दिसणाऱ्या माणसाकडे कात्री रोखून म्हणाली, "हो खुनी." मी विचारलं, कशावरून? "त्येच्या कफाचो बटन बघ. मघाशी वेगळो होतो. घरात बायल नाय, आये नाय, मगे बटन कोणी लायल्यान? त्येनाच लायल्यान. आपणच बटन लावणारो पुरुष कायतरी लपयता." मी हसत सुटलो. तासाभराने प्रेताजवळ बटण सापडलं. अर्थात दर वेळी असं होत नसे. कित्येकदा ती नुसती सिनेमावाल्यांची चूक असायची, एका प्रसंगात एक शर्ट आणि दुसऱ्यात दुसरा, आणि बाय त्या चुकीचाच पुरावा धरून दोन तास एखाद्या निरपराध नोकरावर डोळा ठेवून बसायची. भुताच्या सिनेमांना ती अजिबात घाबरत नसे. पांढऱ्या साडीतली बाई झाडाखाली उभी राहिली की बाय म्हणे, "ह्या भुताच्या साडयेक इस्त्री कोण करता?" पण भुताचे विनोदी सिनेमे लागले की मात्र तिचा चेहरा उतरायचा. कुणीतरी थरथरतंय, ततपप करतंय आणि बाकीचे हसताहेत, हे तिला बघवत नसे. "भियालल्या माणसाक हसाचा न्हय," एवढंच म्हणायची. आम्ही म्हणायचो, बाय, विनोदी आहे तो! ती म्हणायची, त्येका म्हायत नाय ना पण ता.

दुसऱ्या सीडीची गोष्ट इथे सांगायला हवी. तेव्हा एका सिनेमाच्या दोन सीड्या असत, अर्धा सिनेमा एकीत, अर्धा दुसरीत. एका रविवारी लायब्ररीवाल्याने उलट्या पाकिटात घातलेल्या सीड्या मी न बघता आणल्या आणि आम्ही दुसरी सीडी आधी लावली. सुरुवात जरा तुटक वाटली, पण परदेशी सिनेमा असाच असेल म्हणून आम्ही बघत राहिलो. शेवटी डॉक्टर खुनी निघाला, त्याला पकडून नेलं, संपलं… आणि मग माझ्या लक्षात आलं की अर्धा सिनेमा अजून पाकिटात आहे. मी चरफडलो. म्हटलं, आता काय उरलं बघायला? बाय म्हणाली, "आताच तर उरला. लाव." आम्ही पहिली सीडी लावली. तोच डॉक्टर त्या घरात चहा पीत बसला होता, मुलांच्या डोक्यावरून हात फिरवत होता, आजारी बाईची नाडी बघत होता. मशीन थांबली. बाय पुढे वाकून म्हणाली, "बघ अव्या… सगळा दिसता. सगळ्यांच्या समोर आसा. कोणाक दिसना नाय, कारण कोण बघनाच नाय." त्या दिवसापासून आमच्या घरात खुनाचा सिनेमा कायम दुसऱ्या सीडीपासून सुरू व्हायचा. पाहुणे आले तर त्यांना हा प्रकार कळत नसे, ते वैतागून परसात जाऊन बसायचे. बायला त्याचं काही नव्हतं. तिला खुनी कोण हे कोडं नकोच होतं. खुनी ठाऊक असताना तो आधी कसा वागतो, आणि भोवतालची माणसं कशी बघत नाहीत, हे तिला बघायचं होतं.

मग त्या हसण्याच्या मालिका आल्या. एक सोफा, चार-पाच माणसं, आणि दर वाक्याला मागून हास्याचा लोंढा. माधवीला आणि आमच्या मुलीला त्या फार आवडायच्या, म्हणून सुट्टीत मालवणला आलो की त्या लागायच्या. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा बायने मशीन थांबवली आणि विचारलं, "हे कोण हसतत?"

"लोक हसतात, बाय."

"खंयचे लोक? दिसनत नाय ते."

मी समजावलं की हे हसणं आधीच भरून ठेवलेलं असतं, विनोद झाला की लावतात. बाय खरोखर दुखावली. "म्हणजे माझ्या घरात येवन माका सांगतले, आता हस म्हणान?" त्या माणसांना कामधंदा काय, या बायकांचे घरातले ब्लाऊजसुद्धा इतके फिटिंगचे कसे, यावरही तिला पुष्कळ बोलायचं होतं, पण खरा राग त्या हसण्यावर. मग तिने एक उद्योग सुरू केला. रिमोट मशीनच्या फळीवर ठेवायची, खाऱ्या वाऱ्याने खराब होऊ नये म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून रबर लावलेला. विनोद झाला की अंगठ्याने आवाज बंद. हसणं संपतासंपता आवाज चालू. इतकी बरोबर वेळ साधायची की एक शब्दही हुकत नसे. त्या बटणावरचं चित्र पहिल्या वर्षातच पुसलं गेलं. आणि असं बघताना तिला एक गोष्ट दिसली, जी मला तिने दाखवली नसती तर कधीच दिसली नसती. "बघ… आवाज बंद केलो काय कशी थांबतत ती. तोंड तसाच धरून उभी रवतत. ह्यांचा हसणा संपापर्यंत. बिचारी." मी पाहिलं, आणि ते खरंच होतं. आवाज नसला की कळायचं, माणूस काहीतरी बोलून अधांतरी उभा आहे, चेहरा तसाच ठेवून, आणि वाट बघतो आहे.

आता मला बाय दुसऱ्या सीडीपासून बघावी लागते आहे. शेवट ठाऊक आहे आणि मी आधीचे रविवार काढून बसलो आहे. गेल्या वर्षीचा आषाढ. बायने माझ्या ताटात तळलेला बांगडा वाढला आणि स्वतः पेजेवर बसली. मी विचारलं का, तर म्हणाली, "जेवाण खाली उतरना नाय." मी म्हणालो, गॅस असेल, आणि सिनेमा लावला. त्यानंतरच्या एका रविवारी ती मशीनवरून उठताना टेबलाला धरून थोडा वेळ उभी राहिली. एकदा एका खुनाच्या सिनेमात शेवटचा अर्धा तास मशीन चालूच राहिली आणि मी म्हटलं, एवढा वाईट नाहीये गं. ती म्हणाली, सिनेमा बरा आहे, पण थांबले तर झोप लागेल. सगळं माझ्यासमोर होतं, पण बघत कुणी नव्हतं… मी तर दर रविवारी तिच्या खालीच, चटईवर तिच्याकडे पाठ करून बसलेलो.

आणि मग चवथ. आमच्याकडे चवथीला सगळं घर भरतं, दिनू बायको-मुलांना घेऊन मुंबईहून आला होता, आम्ही कुडाळहून. फळं-पानं टांगलेल्या माटवीखाली गणपती, दुपारची जेवणं झालेली, सगळी मंडळी टीव्हीसमोर पसरलेली. बाय मशीनवर होती, चवथीच्या दिवशीसुद्धा, कारण दिनूच्या बायकोने मुंबईहून साडीतला ब्लाऊजपीस आणला होता आणि तिला तो संध्याकाळच्या आरतीला घालायचा होता. मुलांच्या आग्रहाने भुताचा विनोदी सिनेमा लावला होता. त्यात भूत मेलेल्या मालकाचा कोट घालून घरभर हिंडतं आणि तो कोट त्याला इतका ढगळ असतो की बाह्या जमिनीला लागतात. सगळे लोळून हसत होते. तेवढ्यात बाय म्हणाली, "सैल कपड्याक हसा नको रे." कुणी लक्ष दिलं नाही. ती पुन्हा म्हणाली, जरा मोठ्याने, तिच्या मानाने बरंच मोठ्याने, "मी माझे ब्लाऊज तीनदा आत घेतलंय. दोन महिन्यात तीनदा. माझा कायतरी बरा नाय."

सिनेमात विनोद झाला होता, माझं पोट आधीच हसून दुखत होतं, सगळ्यांची तोंडं माझ्याकडे वळली होती, कारण घरातला थट्टेखोर मी. मी म्हणालो, "मगे दुसऱ्या सीडीत तूच भूत निघतलंस गो बाय!"

घर हसलं. दिनू हसला, त्याची बायको हसली, मुलं हसली, माधवी हसली. माझ्याच विनोदावर मीही हसलो. बायही हसली… निदान इतके दिवस मी असंच धरून चाललो होतो. मग मशीन सुरू झाली आणि सिनेमा पुढे गेला. ब्लाऊज आरतीच्या आधी तयार झाला आणि दिनूच्या बायकोला छान बसला.

दिवाळी झाली तेव्हा तिला जिना चढवेना आणि तोपर्यंत आमचेही डोळे उघडले. गोव्याच्या इस्पितळात नेलं. तिथली डॉक्टर एक तरुण बाई होती, शांत बोलणारी. तिने विचारलं, वजन कधीपासून कमी होतंय? मी लगेच पुढे होऊन सांगायला लागलो की दिवाळीपासूनच जरा… बायने मला हाताने थांबवलं. ऑफिसात, बँकेत, परक्या माणसाशी बोलताना ती शुद्ध मराठी बोलायची, शाळेत शिकली होती तशी, एकेक शब्द नीट ठेवून. ती म्हणाली, "नाही डॉक्टर. आषाढाच्या शेवटी पाऊण इंच आत घेतलं. श्रावणात पुन्हा पाऊण. चतुर्थीच्या आधी एक इंच. दसऱ्याला एक. बाह्या वेगळ्या." डॉक्टरला आधी कळलं नाही. बायने तिला ब्लाऊजची बाजू उलटून टिपा दाखवल्या, एकीच्या आत एक, चार ओळी. डॉक्टर हसली नाही. तिने चष्मा सारखा केला आणि ते सगळे इंच कागदावर महिन्यांपुढे लिहून घेतले. मग विचारलं, "तेव्हा घरात कुणाला सांगितलं नाहीत?"

बाय समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाली, "सांगितलं होतं. पण तेव्हा पिक्चर चालू होता."

तिने मला वाचवलं की मारलं, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही. डॉक्टर बाहेर येऊन मला म्हणाली की पोटातलं दुखणं आहे, पसरलं आहे, दोन-तीन महिने आधी आणलं असतं तर काहीतरी करून बघता आलं असतं. मी खरोखर घटकाभर त्या बाईचा राग केला. काहीतरी म्हणजे काय? किती? नेमकं सांगा ना. आमच्या बायने तुम्हाला पाऊण इंचाचा फरक सांगितला आणि तुम्ही आम्हाला 'काहीतरी' सांगता? पण तिचं काय चुकलं होतं? ती एकटीच तर होती जिने बायचं म्हणणं पूर्ण ऐकलं.

मग घरी. खाट बाहेरच्या खोलीत, टीव्हीसमोर, आणि त्यासाठी मशीन सरकवून पुन्हा खिडकीशी नेली, जिथे ती आधी होती. मी रविवारी सीड्या आणत राहिलो आणि दुसरी आधी लावत राहिलो. बाय उशीला टेकून बघायची, कधी डोळे मिटलेले असायचे. मशीन मुकी होती, त्यामुळे सिनेमा चांगला की वाईट हे कळायला काही मार्ग उरला नव्हता, आणि विचारायचा मला धीर होत नव्हता. मी एकदाच म्हणालो, "बाय, चवथीक मी…" तिने नुसतं पडद्याकडे बोट केलं. गप रव, त्याचा चेहरा बघू दे. मला तिचा रागही येतो, खोटं कशाला बोलू? बटणावरून खुनी ओळखणारी बाई. तिने एसटी पकडून एकटीने जायचं होतं ना डॉक्टरकडे! आम्ही हसलो तर आमच्या तोंडावर मारायचं होतं. पण मला ठाऊक आहे ती का गेली नाही. दिवाळीच्या आधी तिच्याकडे बावीस ब्लाऊज शिवायचे होते आणि प्रत्येकीला पाडव्याला घालायचे होते.

बारावं झाल्यावर त्यातल्याच काही बायका आल्या, न शिवलेली कापडं परत न्यायला. रडल्या, खऱ्या मनाने रडल्या. आणि मग त्यातली एक डोळे पुसून माधवीला म्हणाली, "माझो मापाचो ब्लाऊज खंय आसा बघशील काय गो? तसो फिटिंगचो दुसरो नाय माझ्याकडे." माधवीने बायचं कपाट उघडलं. सगळ्यांचे मापाचे ब्लाऊज चिठ्ठ्या टोचून ठेवलेले होते, जिचे तिला दिले. तळाशी बायचे स्वतःचे होते. मी एक उलटा करून बघितला. बाय कधीच जास्तीचं कापड कापून टाकत नसे. पुढे माणूस अंगाने भरलं तर उसवून सोडता आलं पाहिजे म्हणायची. चारही वेळा तिने ते आत तसंच ठेवलं होतं.

परवाच्या रविवारी मी मालवणला एकटाच गेलो. घर बंद ठेवलं की दमटपणाने खराब होतं म्हणून उघडायला, असं मी माधवीला सांगितलं. सगळ्या खिडक्या उघडल्या. मशीनची खुर्ची ओढून टीव्हीसमोर घेतली, कारण चटईवर बसवेना. ती सीडी अजून माझ्या पिशवीतच होती, लायब्ररीवाल्याने मागितलेली नाही. लावली. सोफा आला, माणसं आली. मी प्लॅस्टिकमधल्या रिमोटवर अंगठा ठेवला. ज्या बटणावर काही लिहिलेलं उरलेलं नाही, ते अंधारातही सापडेल इतकं गुळगुळीत झालं आहे. पहिला विनोद झाला आणि मी दाबलं. वेळ चुकली, हसणं थोडं ऐकू आलंच. दुसऱ्या वेळी जमलं. पडद्यावरची बाई नवऱ्याला काहीतरी बोलून थांबली होती. ओठ जरा उघडे, कडांना हसल्यासारखे. ती हसत नव्हती. ती कुठल्यातरी न दिसणाऱ्या माणसांचं हसून व्हायची वाट बघत होती, म्हणजे तिला पुढचं बोलता येईल.

चवथीला बाय हसली नव्हती. तो चेहरा मला आता नीट दिसतो, कात्रीवर हात, ओठ तसेच, डोळे माझ्यावर. तिला पुढे काहीतरी सांगायचं होतं, आणि आमचं हसणं संपेपर्यंत ती थांबली होती. आम्ही फार वेळ हसलो. मग तिने मान खाली घातली, पाय पट्टीवर ठेवले आणि दिनूच्या बायकोच्या ब्लाऊजची बाही जोडायला घेतली.